नट्टापट्टा

ती हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. पेशंटांची खरी माहिती असलेल्या चालू सर्व्हरवर शिरलं की कमांड टाइप करायच्या आधीच तिच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘खरा’ असं उमटायचं. सरावाच्या सर्व्हरवर हिरव्यात ‘खोटा’. तिनंच तशी सोय केली होती.

साहेब मागून डोकावले. “हा काय नट्टापट्टा? सगळीकडे एकसारखं ठेव. आत्ताच्या आत्ता काढ.”

तिनं काढलं. आठवडाभरात सरावाचा समजून तिनं खऱ्या सर्व्हरवरचे पेशंटांचे रिपोर्ट पुसून टाकले.

चौकशीत साहेब हळहळले. “अगं, साधी खूण तरी ठेवायचीस.”

“ठेवली होती, साहेब. तुम्हीच काढायला लावलीत.”

“लेखी आहे काही?”

तिच्या जागी आलेल्या माणसाला साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, “लाल ‘खरा’ दिसला की हात आवरायचा. युक्ती माझीच आहे.”