न हलणारा स्टँड

घरातल्या जुन्या निगेटिव्हचे कॅमेऱ्याने फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्यायचे, म्हणून सार्थक कॅमेऱ्यासाठी स्टँड शोधत होता आणि स्थळं नाकारावीत तसे एकेक नाकारत होता. हा डुगडुगतो, तो प्लास्टिकचा, तिसऱ्याची सावलीच पडते. सातपूरला उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवलेला बाप समोर पेपर वाचत बसलाय, त्याला एका शब्दाने विचारावं, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? फोटो मोठे करायचं, वर दिवा असलेलं अण्णांचं एन्लार्जर गेल्या वर्षी यानेच तर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं होतं. “अडगळ नुसती,” म्हणाला होता.

शेवटी मुंबईहून खोकं आलं. आत जाड लाकडी पाट, त्यावर उभा लोखंडी खांब आणि कॅमेरा बसवायला खाली-वर सरकणारा दांडा.

“याला म्हणतात वस्तू, अण्णा! तसूभर हलत नाही. तुमच्या त्या डबड्यावर जमलं असतं हे?”

अण्णांनी चष्मा वर करून पाट न्याहाळला. नव्या पॉलिशखाली एका कोपऱ्यात पुसट लाल स्वस्तिक दिसत होतं.

“कसला तरी डाग आहे तो. घासून काढतो,” सार्थक म्हणाला.

“खुशाल काढ. वरचा दिवा त्या मुंबईवाल्यांनी काढलाच आहे,” अण्णांनी पुन्हा पेपर उघडला. “दर दसऱ्याला तिथं कुंकू मीच लावायचो.”