ढवळे सरांचा सा

दोघांनी एकाचा गळा दुसऱ्याला जाणवून देणाऱ्या गळपट्ट्या बांधल्या आणि ढवळे सरांचा गळा शर्वरीला स्वतःच्या गळ्यात जाणवू लागला. आजच्या परीक्षेत त्यांचा सा लागला, तरच तिला गाणं शिकवायचा परवाना मिळणार होता. आणि सर तर तिला शाळेत गणित शिकवलेले, स्वतःच्या लहानपणापासून प्रार्थनेला नुसते ओठ हलवणारे!

“सा...” सर घोगरले. शर्वरीचाही जबडा आवळला गेला.

“अहो सर, आमच्यावर ओरडण्याआधी आवळता तसे दात आवळताय!”

सर खो खो हसले. जबडा सुटला.

“हं, आत्ता! असंच हसत लावा!”

सा लागला, भरदार आणि सरळ. शर्वरी टाळी वाजवणार, तोच तिच्या घशात हुंदका दाटला. तो सरांचा होता.

“थांबू नका सर,” ती आनंदानं ओरडली, “आता ‘रे’ लावा!”