सहा नळ्या

ब्रेकच्या तिसऱ्या नळीला हेनीने पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर आकडा लिहिला, तेव्हा तिचा बाप ओइवा हसला.

“घरात मिठाच्या डब्यावरही ‘मीठ’ लिहून ठेवतेस का गं?” ओइवाने विचारलं.

हेनीने चौथ्या नळीसाठी चिकटपट्टी फाडली. ओइवा गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला शेगडीपाशी पाय पसरून बसला होता. बाहेर तापमान उणे चौदा होतं. एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये घालवलेला हा माणूस सकाळपासून एकदाही गाडीजवळ आला नव्हता. बोलत मात्र सारखा होता. गाडी मोडीत दे, हे त्याने चार वेळा सांगितलं. सोमवारी मी स्वतः ओढून नेतो, हे दोन वेळा. छापील चित्र बघून ब्रेक खोलणाऱ्या माणसाने केकच करावेत, हे एकदा. त्यावर तो स्वतःच बराच वेळ हसला.

गाडी हेनीची होती. तिच्या ब्रेकमधला एबीएसचा पंप मेला होता आणि चालकासमोरचा इशाऱ्याचा पिवळा दिवा विझत नव्हता. तो दिवा पेटलेला असेल तर वार्षिक तपासणीत गाडी पास होत नाही. गाडी पास झाली नाही तर नोकरी नाही. तळ्यापलीकडच्या वाड्यांमध्ये घरोघरी जाणारी परिचारिका हवी होती. हेनीला मंगळवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. गेले तीन हिवाळे ती परिचारिका असूनही आरोग्य केंद्रात फोन उचलत होती आणि बसने ये-जा करत होती, कारण तिला बर्फात गाडी चालवता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गावाला ते ओइवाने सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, डिसेंबरात, चर्चच्या वळणावर हेनीची गाडी स्वतःभोवती फिरून खड्ड्यात गेली. हेनीचं मनगट मोडलं. ती म्हणत राहिली की मी सगळं बरोबर केलं, गाडीच उलटी ओढली गेली. हे वाक्य ओइवाला फार आवडलं. नाताळात, वाढदिवसासारख्या साजऱ्या होणाऱ्या नामदिनाला, शेजाऱ्याच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीलासुद्धा त्याने ते बारीक आवाज काढून म्हणून दाखवलं. लोक हसले. त्याची बायको रायलीही हसली. पुढे दर ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की ओइवा मुलीच्या घरी जाऊन गाडीची किल्ली घेऊन यायचा. एप्रिलमध्ये परत द्यायचा. तिसऱ्या वर्षी हेनीने ती न मागताच काढून दिली.

या वर्षी तिने दिली नाही.

मेलेला पंपही ओइवानेच बसवलेला होता, त्या अपघाताच्या तीन आठवडे आधी. एका भंगार गाडीतून काढून, दोन तासांत, चित्र न बघता. हे तो आजही सांगत होता.

सगळ्या नळ्यांना आकडे लावून झाले. पंपाच्या ठोकळ्यात त्या सहा होत्या. दोन पेडलकडून येणाऱ्या, चार चाकांकडे जाणाऱ्या. हेनीने प्रत्येक नळी बोटाने चाकापर्यंत चाचपली आणि मॅन्युअलच्या पानाशी ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग ती गाडीसमोरून उठली, दार उघडून चालकाच्या जागेवर बसली आणि आपला डावा आणि उजवा हात बघत राहिली. तिथून जे डावं होतं, ते इंजिनासमोर उभं राहिलं की उजवं होत होतं.

नळ्यांची डावी-उजवी अदलाबदल झाली तरी कोरड्या रस्त्यावर काहीच फरक पडत नाही. पेडल दाबलं की चारही चाकं आवळली जातात आणि गाडी थांबते. पण गाडी घसरू लागली की पंप स्वतःच एकेक चाक धरून तिला सावरतो. नळ्या उलट असतील तर तो भलत्या बाजूचं चाक धरतो.

तेवढ्यात रायली कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन आत आली. हेनी गाडीतून उतरली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही बसवलेल्या दोन नळ्या उलटसुलट आहेत.”

ओइवाने पाव कॉफीत बुडवला. “पुढच्या दोन्ही दिसायला सारख्याच असतात,” तो म्हणाला. “कुणाचीही गल्लत होईल.”

शेगडीत एक लाकूड तडकलं.

“ती ‘पुढच्या’ असं म्हणाली नव्हती, ओइवा,” रायली म्हणाली.

ओइवाने पाव खाऊन संपवला. मग त्याने सांगितलं, फारसे आढेवेढे न घेता, कारण आता इलाजच नव्हता. त्या अपघातानंतरच्या वसंतात बॅटरी बदलताना त्याच्या लक्षात आलं होतं. नळ्या पुन्हा खोलायच्या तर आतली हवा काढावी लागते, त्यासाठी पेडल दाबायला दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस म्हटलं की ते विचारणार. म्हणून राहिलं.

“राहिलं,” रायली म्हणाली.

“पण त्यानंतर एका तरी हिवाळ्यात मी तिला गाडी चालवू दिली का?” ओइवाने दुखावल्यासारखं विचारलं. “दर वर्षी किल्ली कोण आणत होतं?”

हेनीने हात पुसले. बराच वेळ पुसले.

“म्हणजे मला चालवता येत होती,” ती म्हणाली.