अर्ध्या वेण्या

"मिस ओडेसा, वेण्या अशा घट्ट घाला, की नंतर कुणाला हात लावावा लागू नये," रनीता म्हणाली. तिच्या मागे उभं राहून वेणी घालणाऱ्या ओडेसाचे हात थांबले. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या त्या वस्तीत कुणी बाई वारली, की शवपेटीत ठेवण्याआधी तिचे केस ओडेसाच करायची.

"जीव द्यायचं मनात आहे का गं?" तिनं सरळ विचारलं.

आरशातल्या रनीताचे डोळे भरले. "आई म्हणते, आपल्या काळ्या बायका खंबीर असतात. प्रार्थना कर."

"करू की. डॉक्टरकडे जाताना गाडीत." ओडेसानं कंगवा खाली ठेवला. "आज माझ्याकडे झोपायचं. उरलेल्या वेण्या उद्या, तिथून आल्यावर."

"अशा अर्ध्या डोक्यानं?"

"डॉक्टरकडे रुमाल बांधून चालतं. देवाकडे मात्र अर्ध्या वेण्यांनी मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही!"