डाव्या बाजूचं मडगार्ड

ग्राइंडर थांबला तेव्हा फियाटचं डावं मडगार्ड अर्धं कापून झालं होतं. युसूफ फटीत बोट घालून आतला पत्रा चाचपत होता.

"ताई, इकडे पाहा जरा."

निशिगंधा हातमोजे काढत वाकली. मेहकरच्या घरामागच्या अंगणात बाबांची ही जुनी गाडी विटांवर चढवलेली होती. तिच्या बँकेला सुट्टी असली की ती आणि डेंटर युसूफ मिळून एकेक सडका पत्रा बदलत. खामगावच्या भंगारातून आणलेलं दुसरं मडगार्ड नळाजवळ टेकवून ठेवलं होतं.

युसूफने पान्याच्या टोकाने खरवडलं. पुट्टीचा जाड पापुद्रा निघाला. त्याखाली गाडीचा पत्रा नव्हताच. तेलाच्या डब्याचा तुकडा होता, ठोकून गोलाई दिलेला, कडेनं डाख देऊन जोडलेला. त्यावरचं भुईमुगाच्या शेंगेचं चित्र अजून पिवळं होतं.

"हे आमच्या लाइनचं काम नाही," युसूफ म्हणाला. "धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्याचं दिसते. पण हात साफ होता गड्याचा."

खुर्चीत बसलेले तिचे बाबा, नारायणराव, काठी टेकत उठले. "काहीतरीच. या गाडीले माह्या हातून कधी ओरखडासुद्धा नाही लागला."

हे वाक्य निशिगंधा लहानपणापासून ऐकत आली होती. गाडीची किल्ली बाबांच्या खिशातून कधी दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. ती स्वतः गाडी शिकली, तीही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.

"बाबा, तुम्ही नवीच घेतली होती ना?"

"नवी. माह्यासमोर कव्हर काढलं सीटचं."

मग हा तुकडा कोणी बसवला? तिने डाखावरून नख फिरवलं. एवढ्या निगुतीनं लपवलेलं काम तिने आजवर पाहिलं नव्हतं.

आई चहा घेऊन आली. सत्यभामाबाईंनी ट्रे स्टुलावर ठेवला, मडगार्डाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निघालं का ते."

तिघेही त्यांच्याकडे पाहत राहिले.

"तुमच्या हातून नाहीच लागला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही नागपूरले ट्रेनिंगले गेले होते, अन् किल्ली घरच्या पँटीत राहिली होती. मी लोणारले गेली होती गाडी घेऊन. येताना पुलाच्या कठड्याले घासली, अन् तुम्ही यायच्या आत कोठीवाल्याकडून बुजवून घेतली."

"कोणासंगं?"

"एकटी."

"आई, तुले गाडी चालवता येते?" निशिगंधाने विचारलं. आईला तिने कधी ड्रायव्हरच्या सीटवर टेकलेलंही पाहिलं नव्हतं.

"येत होती. ह्यांच्या पायाकडे पाहू पाहू शिकली. कोणता पाय कधी दाबते, कधी सोडते."

युसूफने ग्राइंडर हळूच खाली ठेवला. निशिगंधा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. लहानपणी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं फूल काढलं म्हणून तिने त्यांचा मार खाल्ला होता. नारायणराव वाकले, डब्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

"काऊन गेली होती?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तळं पाह्याले. तुम्ही दरसाली म्हणत होते, नेतो म्हणून."

"मंग? पाह्यलं?"

"पाह्यलं."

"कसं होतं?"

सत्यभामाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"हिरवं. लई खोल. खाली देवळाकडे उतरणाऱ्या बाया दिसत होत्या, मुंगीएवढ्या. मी नाही उतरली खाली. गाडी बंद केली अन् परत चालूच नाही झाली तर? म्हणून तशीच चालू ठेवली. एक हात तिच्यावर ठेवला अन् वरूनच पाह्यलं."