दोन गावची क्लचप्लेट

जव्हार संस्थान विलीन झाल्यावर दरबारची जुनी स्पोर्ट्सकार डॉक्टरीणबाईंनी घेतली, आणि तिला मोखाड्याचा घाट चढता यावा म्हणून पूर्वी दरबारात ती धुणाऱ्या ढवळूने लॉरीचं इंजिन बसवलं. आता क्लच जळला. नवा जुळला नाही तर बाई मोटार मोडीत काढणार होत्या. मुंबईहून बोलावलेल्या मिस्त्रीने मोटारीची मूळ क्लचप्लेट आणली, ढवळूने लॉरीची मोठी पुढे केली. “धुणाऱ्याने धुवावं,” मिस्त्री हसला. “ही मोटारीच्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसेल?” “नाय बसायची, उस्ताद. पण तुमची लॉरीच्या इंजिनाला पुरायची नाय. नवरा एका गावचा, नवरी दुसऱ्या गावची.” त्याने लहान प्लेटचा, दांड्यावर बसणारा मधला दातेरी तुंबा काढून मोठीच्या तुंब्याच्या जागी रिव्हेटांनी बसवला. मोटार एकदाही क्लच न घसरता घाट चढली. माथ्यावर मिस्त्रीने वहीत मापं टिपली. “कुणाचं काम लिहू?” ढवळू अडखळला नाही. “ढवळू मिस्त्री, जव्हार,” तो म्हणाला.