बोळातला दोरा

"नवराबायकोच्या भांडणात शिपायाने पडू नये," विल्फ ओल्डरॉइडने चष्मा सावरत वाचलं, "जिवावर बेतलं नसेल तर."

चॅपलच्या हॉलमध्ये हशा पिकला. पोलीस शिपायांसाठी लिहिलेलं हे छोटं पुस्तक राणीच्या काळातलं, शंभर वर्षांपूर्वीचं. गावातल्या निवृत्त पोलिसांनी ते पुन्हा छापून घेतलं होतं. विक्रीचा सगळा पैसा जाणार होता नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून आलेल्या बायकांच्या आसऱ्याला. ते घर कुठे आहे हे गावात चार-पाच माणसांनाच माहीत होतं, आणि ती माणसं घरच्यांपाशीही त्याबद्दल बोलत नसत. विल्फ त्यांतला एक.

मग दोऱ्याचं कलम आलं. फेरीवरच्या शिपायाने बंद दारावर, निर्जन बोळात काळा दोरा आडवा लावावा, टोकं मेणाने चिकटवावीत. परतताना दोरा सुटलेला दिसला तर समजावं, आत कोणी शिरलं आहे. विल्फने खिशातून रीळ काढलं आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये, गुडघ्याच्या खाली, दोरा लावून दाखवला.

"मेणाचं मात्र ऐकू नका," तो म्हणाला. "कंदिलाच्या उजेडात चमकतं. मी ओला साबण लावायचो. अजूनही लावतो."

"याच्या दोऱ्यात चोर एकही सापडला नाही," त्याचा जुना जोडीदार मागून ओरडला. "पाद्रीबुवा तेवढे दोनदा आपटले."

पुन्हा हशा. कोणीतरी विचारलं, अजूनही म्हणजे काय? विल्फची छाती फुगली. रोज दुपारी दोरा लावतो आणि अंधार पडता पडता बघून येतो, असं त्याने सांगितलं. कुठे, ते सांगणार नव्हता. "तिथल्या बायाबापड्यांना सुखाची झोप लागते, एवढं तुम्हाला पुरे."

पुस्तकांवर सह्या देताना रांगेच्या शेवटी करड्या कोटातला एक माणूस शांतपणे उभा होता. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. त्याच्या हातात एक हिरवी मेणबत्ती होती. आयरीन सग्डन ते आश्रयाचं घर चालवायची. शेजारच्या टेबलावर ती आल्याचा केक आणि त्या बायकांनी घरात ओतलेल्या हिरव्या मेणबत्त्या विकत होती. त्या माणसाने मोठी नोट दिली होती आणि सुट्टे परत घेतले नव्हते.

त्याने विल्फची तारीफ केली. मग काळजीने म्हणाला, या थंडीत, या गुडघ्यांनी रोज लांब जायचं म्हणजे जिवावर येत असेल.

"छे हो. मागच्या दारानं निघतो, चहा निवायच्या आत परत."

माणूस हसला. पुस्तक चाळत तो शेवटच्या पानावर आला. आणखी प्रती कोणाकडे मिळतील ते तिथे छापलं होतं: विल्फचं नाव, गल्ली, घराचा नंबर. त्यावर त्याचं बोट जरा वेळ थांबलं. मग त्याने पुस्तक पुढे सरकवलं.

"मॅक्सीनसाठी, असं लिहा काका."

"मंडळी वाटतं?"

"हो. बरेच दिवस भेट नाही."

विल्फने आपल्या गोल अक्षरात लिहिलं. माणसाने शाईवर हलकेच फुंकर मारली.

"त्या भांडणाच्या कलमाला सगळे हसले," तो म्हणाला. "मी नाही हसलो. शहाण्या माणसानं लिहिलंय ते."

हॉल रिकामा झाला. खुर्च्या आवरता आवरता आयरीनने विचारलं, तो सुट्टे सोडून गेलेला भला माणूस कोण होता? विल्फने कौतुकाने सांगितलं. पुस्तकावर कोणाचं नाव घातलं, तेही सांगितलं.

आयरीनच्या हातातला केकचा डबा टेबलावर टेकला तो तिथेच राहिला.

"आमच्याकडची लाल केसांची पोर, विल्फ. तुमच्यासाठी खिडकीत चहा ठेवते ती. तिचं नाव काय आहे, तुम्हाला मी कधी सांगितलं नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला काय काय सांगितलंत?"

"काही नाही," विल्फ म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला आपलेच शब्द ऐकू आले. मागचं दार. चहा. शेवटचं पान.

आयरीन कोपऱ्यावरच्या टेलिफोनकडे धावली. विल्फ कोट न घालताच निघाला. फेरीवरच्या शिपायाने धावू नये, असं त्या पुस्तकात आहे, आणि साऱ्या नोकरीत विल्फ फेरीवर कधी धावला नव्हता. आज धावला. बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीला वळसा घालून, ओल्या फरशांवरून, एका हाताने भिंत धरत.

बोळात अंधार उतरला होता. टोकाला ते घर, स्वयंपाकघराच्या खिडकीत रोजच्यासारखा दिवा. विल्फ वाकला आणि बॅटरी लावली.

दोरा जागेवर होता. अखंड, ताणलेला, गुडघ्याच्या खाली.

विल्फने भिंतीला पाठ टेकली. श्वास पुरेना, तरी त्याला स्वतःचं हसू आलं. म्हातारा झालास, असं तो स्वतःला म्हणाला. मग जन्माची सवय म्हणून त्याने दोऱ्याच्या टोकावर अंगठा ठेवला.

दुपारी त्याने लावलेला साबण पांढरा होता. आत्ता अंगठ्याला लागलं ते हिरवं होतं, आणि अजून मऊ होतं.

खिडकीतला दिवा विझला.